एका नाटकाची फाईल

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. पुढे थोडं रडगाणं आहे, आणि मला अजून तिथंच शिकवायचं आहे. एवढं सांगते की विद्यापीठ लहान आहे, झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या धानाच्या पट्ट्यात आहे आणि दारासमोरच्या रस्त्यापलीकडे धानाच्या बांध्या आहेत. मी मूळची वाशीम जिल्ह्यातली, सोयाबीन-तुरीच्या मुलखातली. इथे तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. २०२४-२५ च्या स्नेहसंमेलनाची जबाबदारी माझ्याकडे कशी आली, हे या नोकरीत असलेल्यांना सांगायला नको. बैठकीत हा विषय निघाला की जुनी मंडळी आपापल्या पेनाकडे बघू लागतात. नवा माणूस मात्र समोर बघत बसलेला असतो.

त्या गॅदरिंगला आम्ही झाडीपट्टीचं नाटक ठेवलं. कुणाला असंच काही करायचं असेल तर आमच्या चुका उपयोगी पडतील, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

सुरुवात पोळ्याच्या दिवशी झाली, २ सप्टेंबरला. मेसच्या मावशींचं गाव विद्यापीठाला लागूनच आहे. त्यांनी आम्हा तिघी-चौघींना पोळा बघायला नेलं. तोरणाखाली बैल उभे होते आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, सुरू होत्या. एक जण म्हणायचा आणि बाकीचे शेवटी 'हर बोला हर हर महादेव' करून ओरडायचे. त्यात आमच्या एम.ए.चा एक मुलगा होता. वर्गात तो हजेरीलासुद्धा मान हलवून उत्तर देतो. इथे एकामागून एक झडती काढत होता, समोरच्या आळीला टोमणे मारत होता, आणि म्हातारे लोक मान डोलवत होते. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. कर्मचारी वसाहतीतली पोरं लाकडी बैल सजवून दारोदार फिरली. माझ्याकडून प्रत्येकी दहा रुपये बोजारा वसूल झाला. त्याच संध्याकाळी तो मुलगा आला आणि म्हणाला, "मॅडम, गॅदरिंगले यंदा डीजे नोको. नाटक ठेवू ना, आपल्या झाडीतलं."

आधीच्या वर्षांचं गॅदरिंग म्हणजे नागपूरहून ऑर्केस्ट्रा आणि शेवटी डीजे. गावातली माणसं तारेच्या कुंपणाबाहेर उभी राहून बघायची. मेसमध्ये भाकरी थापणाऱ्या बायका, पहारेकरी, बागेतली माणसं, सगळी त्याच गावची. कार्यक्रमाच्या रात्री मात्र ती कुंपणाच्या त्या बाजूला. नाटक ठेवलं तर ही माणसं आत येतील, एवढाच माझा हिशेब होता.

मग फाईल. ९ सप्टेंबरला मी नोटशीट टाकली. विभागप्रमुख, विद्यार्थी विकास, लेखा, कुलसचिव, कुलगुरू, अशी चढण होती. ती दोनदा परत आली. पहिल्यांदा मागच्या वर्षीचा खर्च जोडला नव्हता म्हणून. दुसऱ्यांदा शेरा होता, 'तीन दरपत्रके जोडावीत'. मंडपाची तीन दरपत्रकं मी समजू शकते. नाटकाची कशी आणायची? लेखा विभागातले साहेब शांतपणे म्हणाले, "तीन कंपन्यांची आणा, कमी दराचं घेऊ." मी म्हटलं, सर, खुर्च्या नाहीत त्या. ते म्हणाले, नियम खुर्च्यांसाठीच केलेला आहे मॅडम, मी काय करू.

वाट दाखवली ती आवक-जावक टेबलवरच्या ताईंनी. मंडप, ध्वनी, प्रकाश यांची एक नोटशीट करा, तिला दरपत्रकं लावा. कलावंतांचं मानधन वेगळ्या नोटशीटवर घ्या. आमच्याकडे ते चाललं. तुमच्याकडे चालेल का ते आधी तुमच्या आवक-जावकच्या ताईंना विचारा, साहेबांना नंतर.

कुलसचिवांची शंका निराळी होती. "नाटक म्हणजे नुसता नाच-गाणा तर नाही ना?" झाडीपट्टीच्या नाटकात लावणी असते, विनोदी पात्रांचा धुमाकूळ असतो, आणि आईच्या पायावर डोकं ठेवून रडणारा मुलगाही असतो. लोक तिन्हींसाठी येतात. मी वाद घातला नाही. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्या बातमीची छायाप्रत फाईलला लावली. तीन दिवसांत सही झाली. मंजुरी एकूण एक लाख तीस हजारांची, तारीख ३ ऑक्टोबर.

त्याआधीच, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, त्या मुलाला आणि एका शिपाई काकांना घेऊन मी वडशाला जाऊन आले होते. कागदोपत्री देसाईगंज, बोलताना सगळे वडसाच म्हणतात. गोंदिया-चंद्रपूर रेल्वेमार्गावरचं हे गाव झाडीपट्टी नाटकांचं ठाणं आहे. नाटक कंपन्यांची कार्यालयं इथे आहेत. दिवाळी झाली, भाऊबीज झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक हवंच. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, जावई रुसतात, सगळं त्या एका रात्रीत. तिथून हंगाम लागतो तो होळीच्या आसपासपर्यंत.

आम्ही गेलो त्या कंपनीच्या व्यवस्थापकांपुढे एक लांबट वही होती. दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात एक रकाना रिकामा नव्हता. "तुमाले कोनती तारीख पायजे ते सांगा, मंग नाटक सांगतो," असं म्हणून त्यांनी चहा मागवला. २८ डिसेंबर, शनिवार, मिळाला. पासष्ट हजारांवरून अठ्ठावन्नवर ठरलं. बयाणा म्हणून पाच हजार मागितले. मंजुरी अजून यायची होती आणि विद्यापीठ बयाणा देत नाही, हे मला तिथे बसल्यावर आठवलं. मी स्वतःच्या खात्यातून मोबाइलवरून पाठवले. असं करू नका म्हणणार होते, पण न करता तारीख मिळाली असती असंही वाटत नाही. निदान पावती घ्या, आणि पावतीवर विद्यापीठाचं नाव लिहून घ्या. माझ्या पावतीवर माझं नाव होतं. त्याचं काय झालं ते शेवटी येईल.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. परवानगीसाठी पोलीस ठाण्यात गेले तर हवालदार म्हणाले, निकालानंतर या, आता कशालाच हात लावत नाही. म्हणजे २३ नोव्हेंबरपर्यंत शांतता. १६ ऑक्टोबरला कोजागिरी होती. मुलींच्या वसतिगृहात भुलाबाई बसवल्या होत्या. ही आमच्याकडची, वऱ्हाडातली रीत. अकोला-वाशीमकडच्या पाच-सहा मुलींनी ती इथे आणली आणि आता गडचिरोलीकडच्या मुलीही गाणी म्हणतात, चाल थोडी वेगळी लावून. झाकलेला डबा कानाशी हलवून खाऊ ओळखायचा असतो. त्या रात्री एका मुलीच्या डब्याचा आवाजच येईना. शिरा, उपमा, साबुदाणा, सगळं म्हणून झालं. शेवटी झाकण उघडलं तर आत शिंगाड्याचं पीठ, कोरडं. तिला करायला वेळ मिळाला नव्हता. परवानगीची चिंता मी त्या रात्री तरी विसरले.

२५ नोव्हेंबरला पुन्हा ठाण्यात. लागलेले कागद लिहून ठेवते: अर्ज दोन प्रतींत, विद्यापीठाचं पत्र, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, नाटकाच्या संहितेच्या परिनिरीक्षण प्रमाणपत्राची, म्हणजे सरकारी मंडळाने संहिता तपासल्याच्या दाखल्याची, प्रत (ती कंपनीकडे असते, आधीच मागून घ्या), मंडपवाल्याचं वीजजोडणीबद्दलचं लेखी, आयोजक म्हणून माझं आधार आणि ध्वनिक्षेपकाचं हमीपत्र. चार चकरा झाल्या. ग्रामपंचायतीच्या दाखल्याला आठ दिवस गेले, कारण ग्रामसेवकांकडे तीन गावं आहेत आणि आमच्या गावाचा वार गुरुवार.

हमीपत्रात एक ओळ होती, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजणार नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा बंद. मला ते माहीत होतं, पण त्याचा नाटकाशी संबंध डोक्यात आलाच नव्हता. व्यवस्थापकांना फोन केला. पलीकडून हसू आलं. "दहाले तं आमची सुरुवात होते जी."

वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत असते, पण ती यादी जिल्हाधिकारी आधीच जाहीर करतात. आमची तारीख त्यात नव्हती. बंद सभागृहात चाललं असतं, पण आमच्या सभागृहात दोनशे खुर्च्या. ठाणेदार साहेब मोकळे होते. म्हणाले, मॅडम, साडेपाचला सुरू करा, मला त्रास नाही, तुम्हालाही नाही.

साडेपाचला गावातलं कोण येणार? धानाची मळणी चालू, बायका चुलीजवळ. हा प्रश्न मी दोन दिवस बैठकांतून फिरवला आणि मेसच्या मावशींनी भाजी निवडता निवडता सोडवला. "मंग जेवनच इथं ठेवा ना. चूलच नाही पेटवायची तं बाई येते नाटकाले." पण जेवणाला फाईलमध्ये पैसा नव्हता. मुलं गावात फिरली आणि घरटी पायली-अर्धी पायली तांदूळ गोळा झाला. लाखोळीची डाळ एकाने दिली, वांगी दुसऱ्याने. हे कुठल्याही नोटशीटवर नाही.

२६ डिसेंबरच्या रात्री डॉ. मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली. मैदानात मंडपाचे खांब रोवून झाले होते. सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा, १ जानेवारीपर्यंत. सत्तावीसच्या सकाळी परिपत्रक निघालं, कार्यक्रम पुढे ढकलला. त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं, म्हणून चिडायलाही कुणी नव्हतं. मी मंडपाखाली एका उपड्या घमेल्यावर बसून फोन करत राहिले. मंडपवाल्याने दोन दिवसांचं भाडं धरलं, सहा हजार. नाटकाचे व्यवस्थापक म्हणाले, "तुमच्या हातात काय आहे जी," आणि वही उलटत राहिले. पानांचा आवाज फोनवर ऐकू येत होता. पुढची रिकामी तारीख २१ जानेवारी, मंगळवार. बयाणा त्यांनी तसाच धरला, वर काही मागितलं नाही.

तांदळाची पोती वसतिगृहाच्या कोठीत ठेवली. उंदीर लागू नयेत म्हणून पहारेकरी काका रोज रात्री टॉर्च मारून यायचे. परवानगी मात्र नव्याने काढावी लागली, तेच सगळे कागद पुन्हा. या वेळी दोनच चकरा, कारण ग्रामसेवकांचा वार आता मला पाठ होता.

२१ जानेवारी. कंपनीची बस दुपारी दोनला आली. मंडळी आदल्या रात्री दुसऱ्या गावात पहाटेपर्यंत नाटक करून, तिथेच पडी टाकून निघालेली. उतरल्यावर मुख्य नटीने मला पहिला प्रश्न केला, "मॅडम, अंघोळीले गरम पानी भेटन का?" आमच्या यादीत हार होते, शाली होत्या, स्मृतिचिन्हं होती. गरम पाणी नव्हतं. मुलींच्या वसतिगृहातला गिझर उघडून दिला. कलावंतांसाठी दोन बंद खोल्या, स्वच्छतागृह, गरम पाणी आणि पोटभर जेवण, एवढं आधी बघा. शाल नसली तरी कुणी विचारत नाही.

रंगभूषा इतिहासाच्या वर्गात चालली होती. फळ्याच्या कडेला आरसा टेकवलेला, त्याच्या पायाशी डस्टर, घसरू नये म्हणून. खलनायकाचं काम करणारे गृहस्थ पन्नाशीचे होते. मिशी चिकटवताना त्यांनी मला विचारलं, तुम्ही काय शिकवता. मराठी म्हटल्यावर म्हणाले, "मंग आमच्या चुका काढू नका बरं." एवढं बोलून पाठांतरात शिरले.

बक्षीस समारंभ आणि भाषणं आम्ही आदल्या दिवशी सभागृहात उरकली होती. या सगळ्या प्रकरणातला माझा एकमेव शहाणपणा असेल तर तो हा. कुलगुरू चार मिनिटं बोलले. पंगती साडेचारपासूनच सुरू होत्या: भात, डाळ, वांग्याची भाजी, वर जवसाची चटणी. नारळ फुटला आणि पडदा सव्वासहाला उघडला. तेव्हा समोर दीडशे माणसं असतील. सात वाजता पुढच्या ताडपत्र्या भरल्या. आठ वाजेपर्यंत मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक घरून बसायला पोत्यांचे बोरे, चादरी, लहान पोरांची अंथरुणं घेऊन आले होते. मागे दोन शेकोट्या पेटल्या. कुंपणाबाहेर कुणी आहे का म्हणून मी मुद्दाम जाऊन पाहिलं. एक आलुबोंड्याची गाडी होती, आणि ती चांगली चालली होती.

कंपनीने नाटक कापून आणलं होतं, तरी लावणीला वन्समोअर पडले, विनोदी जोडीने ठाणेदारांच्या नावाने दोन कोट्या घेतल्या, आणि दहाला पाच कमी असताना शेवटचा अंक अख्खा शिल्लक होता. हवालदार साउंडवाल्याच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत, फक्त घड्याळ बघितलं. ठीक दहाला माइक बंद झाले.

मला वाटलं आता आटोपलं. तेवढ्यात दिग्दर्शक पुढे आले, हात जोडले आणि नुसत्या गळ्याने म्हणाले, "समोर सरका जी. जवळ या." पहिल्या रांगेतल्या सोफ्यांवरची मंडळी आधी एकमेकांकडे बघत राहिली. मग पोरांनीच सोफे उचलून बाजूला केले आणि लोक सरकत सरकत थेट रंगमंचाच्या फळ्यांना टेकले. पुढची पंचवीस-तीस मिनिटं माइकशिवाय झाली. पेटीचा भाता दाबल्याचा श्वास ऐकू येत होता. कुणाचं तरी बाळ रडलं तर नटी वाक्याला थांबायची, मग पुढे. मी मागे होते, मला अर्धंच कळत होतं. माझ्या शेजारी एक आजी दर दोन वाक्यांनी विचारायची, "काय म्हनते ते?" आणि तिची नात, आमच्याच बी.ए.ला आहे, कानात सांगत होती. एका ठिकाणी नातीने सांगितलंच नाही. आजीने तिचं तोंड पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

हवालदार तोवर आपल्या मोटारसायकलवर टेकून बसले होते. शेवटापर्यंत.

सकाळी मैदान झाडलं तेव्हा खर्र्याच्या पन्न्यांनी दोन पोती भरली. 'परिसरात तंबाखूजन्य पदार्थांस बंदी' या फलकाच्या बुडाशी सगळ्यात जास्त. पुढच्या वर्षी झाडण्यासाठी वेगळे पैसे धरा, ही सूचना मी लेखी दिली आहे.

नंतरचं समायोजन नाटकापेक्षा लांबलं. कंपनीचं बिल, पॅन, रद्द केलेला धनादेश आणि टीडीएस कापून उरलेली रक्कम खात्यात; हे ३ मार्चला पूर्ण झालं. व्यवस्थापकांकडे छापील बिलबुक नव्हतं, ते त्या झडत्यावाल्या मुलानेच संगणकावर करून दिलं. मंडपवाल्याची जीएसटी नोंदणी नव्हती, त्याचं स्वयंघोषणापत्र लागलं. रद्द झालेल्या तारखेचे सहा हजार कुठल्या शीर्षात टाकायचे यावर फाईल नऊ दिवस पडून होती. शेवटी दुखवट्याचं परिपत्रक जोडलं तेव्हा हलली. माझ्या नावाच्या पावतीचे पाच हजार मिळायला व्यवस्थापकांचं वेगळं पत्र आणावं लागलं, त्यासाठी वडशाची आणखी एक चक्कर. बसचं भाडं मी मागितलं नाही. पैसे २८ मार्चला जमा झाले, आर्थिक वर्ष संपायला तीन दिवस असताना.

त्याच दिवशी लेखा विभागाकडून शेवटची त्रुटी आली: 'किरकोळ खर्चात नारळ नग २, रुपये ८०, पावती नाही. दोन नारळ कशासाठी?' मी खाली लिहिलं, 'एक नटराजपूजनासाठी. दुसरा, पहिला नासका निघाल्यामुळे.' फाईल संध्याकाळी परत आली. त्यांनी चाळीस मंजूर केले होते.